प्रॉडक्शन सर्व्हरवर कर्नेल अपग्रेड: गोव्यातून नेहमी येणारे प्रश्न

फोंड्यात एका दुकानवजा ऑफिसात बसून आम्ही दोघं गोव्यातल्या काही हॉटेलांचे, पतसंस्थांचे, एका पॅथॉलॉजी लॅबचे आणि एक-दोन कारखान्यांचे लिनक्स सर्व्हर सांभाळतो. कर्नेल अपग्रेडची तारीख कळवली की तेच ते फोन सुरू होतात. काही मॅनेजरचे, काही अकाउंटंटचे, काही नुकत्याच कामाला लागलेल्या मुलांचे. ती उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवतोय. आधीची साध्या भाषेत आहेत. पुढे पुढे मुलांसाठीची, म्हणजे थोडी टर्मिनलवरची.

कर्नेल म्हणजे कोण?

हसू नका, प्रश्न असाच आला होता. एका हॉटेलच्या मॅनेजरबाईंना निरोप पाठवला की मंगळवारी कर्नेल बदलायचाय. त्यांचा उलट फोन: "कर्नल कुठल्या रूममध्ये आहेत ते सांगा, बिल तयार ठेवते."

कर्नेल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. कुठल्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, डिस्कवर कोणी कधी लिहायचं, नेटवर्कवरून आलेलं पाकीट कोणाच्या हातात द्यायचं, हे सगळं तो बघतो. तुमचं बिलिंग आणि डेटाबेस त्याच्या डोक्यावर बसलेले असतात. बाकीचं सॉफ्टवेअर बदललं की तेवढी सेवा रीस्टार्ट केली तरी भागतं. कर्नेल बदलायला मात्र अख्खं मशीन रीबूट करावं लागतं, आणि त्यासाठीच तुम्हाला तारीख कळवावी लागते.

सगळं नीट चाललंय. मग हात कशाला लावायचा?

एक कारण सगळ्या जगाचं आहे. कर्नेलमध्ये भोकं सापडतात. २०१६ साली उघडकीला आलेलं 'डर्टी काऊ' नावाचं भोक कर्नेलमध्ये २००७ पासून होतं. २०२२ साली 'डर्टी पाइप' आलं. दोन्हींचा अर्थ एकच: सर्व्हरवर साधं लॉगिन मिळालेला माणूस थेट रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला मालक, होऊ शकतो. आणि कोणी घुसलंच, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत त्यांना कळवायचं असतं. पतसंस्थेच्या सचिवांना हे वाक्य वाचून दाखवलं की पुढची चर्चा लवकर संपते.

दुसरं कारण मात्र आपल्याकडचं, पावसाळ्याचं. उबुंटू सर्व्हरवर सुरक्षा-अपडेट आपोआप बसायची सोय पहिल्यापासून चालू असते. त्यात नवा कर्नेलही येतो, /बूट या कर्नेल ठेवायच्या जागेत जाऊन बसतो, ग्रबच्या (मशीन चालू होताना कर्नेल निवडणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत पहिला नंबर लावतो आणि रीबूटची वाट बघत पडून राहतो. रीबूट मात्र आपोआप होत नाही, कारण ती सोय पहिल्यापासून बंद असते. म्हणजे तुम्ही समजता की अपग्रेड केलेलं नाही, पण अर्धं होऊन गेलेलं असतं. उरलेलं अर्धं होतं जूनमधल्या पहिल्या मोठ्या गडगडाटाला. लाइट जाते, यूपीएसच्या म्हाताऱ्या बॅटऱ्या दहा मिनिटांत मान टाकतात आणि लाइट परत आली की सर्व्हर त्या कधीही न तपासलेल्या कर्नेलवर उठायला बघतो.

तारीख आपण ठरवली नाही तर पाऊस ठरवतो, एवढंच.

असं खरंच कधी झालंय?

म्हापशातल्या एका पतसंस्थेत. त्यांच्या डिस्क ज्या रेड कार्डावर (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) होत्या त्याचा ड्रायव्हर कर्नेलबरोबर येणारा नव्हता. कंपनीचा वेगळा आणून बसवलेला होता. असा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नेलसाठी नव्याने बांधावा लागतो. डीकेएमएस ते आपोआप करतं, पण त्याला त्या कर्नेलच्या हेडर फाइली लागतात. हेडर आपोआप यावेत यासाठी एक पॅकेज टाकून ठेवायचं असतं. ते टाकायचं राहिलं होतं, आणि सर्व्हर उभा केला होता मीच.

सकाळी सहाला फोन. रात्री लाइट जाऊन आली होती. फोंड्याहून निघालो, बाणस्तारीचा पूल, पणजी, पर्वरी, वायपर पूर्ण वेगात आणि तरी समोरचं दिसत नव्हतं. सचिव छत्री धरून अर्ध्या उघड्या शटरपाशी उभे. आत स्क्रीनवर रूट डिस्क सापडत नसल्याची ओळ आणि तिच्याखाली इनिट-रॅम-एफएसचा (उठताना डिस्क शोधून देणाऱ्या छोट्या तात्पुरत्या सिस्टीमचा) प्रॉम्प्ट लुकलुकतोय. मशीन बंद करून चालू केलं, शिफ्ट दाबून धरली, ग्रबचा मेनू आला. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये गेलो, जुन्या कर्नेलच्या ओळीवर येईपर्यंत खालचा बाण दाबला, एंटर. चार मिनिटांत लॉगिन आलं. सचिवांनी विचारलं, "काय केलंत?" खालचा बाण दाबला, हे सांगायची लाज वाटली. "जुन्यावर आणलं," म्हणालो.

नवा कर्नेल त्या मशीनवर पाच महिने पडून होता. जानेवारीतल्या एखाद्या दुपारी, मी समोर असताना रीबूट केला असता, तर हेच दहा मिनिटांत कळलं असतं.

आमच्या सर्व्हरचा अपटाइम, म्हणजे बंद न होता चालल्याचा काळ, नऊशे दिवस आहे. ही चांगली गोष्ट नाही का?

नऊशे दिवसांत त्याने एकदाही बंद होऊन परत उठून दाखवलेलं नाही, असाही त्याचा अर्थ होतो. शिवाय लांब अपटाइमचे स्वतःचे आजार असतात. २.६.३२ च्या काळातल्या कर्नेलमध्ये सुमारे २०८ दिवस सलग चालल्यावर घड्याळाचा हिशोब ओसंडून मशीन कोसळण्याचा दोष होता. त्याआधीच्या काळात विंडोज ९५ चं असंच ४९.७ दिवसांचं प्रकरण होतं. आमच्याकडे नियम असा की ९० दिवसांच्या वर एकही मशीन जाऊ द्यायचं नाही.

एकदम ताजा, कर्नेलच्या मूळ साइटवरचा कर्नेल टाकू का?

नको. तुमच्या डिस्ट्रोने, म्हणजे तुमच्याकडे लिनक्सचा जो तयार संच आहे त्याने, दिलेलाच टाका. उबुंटू २२.०४ ला ५.१५, २४.०४ ला ६.८, डेबियन १२ ला ६.१, रेड हॅट ९ आणि त्याच्या भावंडांना, म्हणजे रॉकी आणि अल्मा यांना, ५.१४. हे आकडे जुने दिसतात, पण डिस्ट्रोवाले नव्या कर्नेलमधल्या दुरुस्त्या मागे आणून याच आकड्यांत बसवत असतात. बदलतो तो पुढचा, बिल्डचा आकडा.

आणि दुरुस्तीच्या कर्नेलमध्येही घोळ होतात. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ मध्ये एक्स्ट४ फाइलसिस्टीमचा डेटा बिघडवू शकणारा दोष सापडला. डेबियनला १२.३ ची ठरलेली आवृत्ती थांबवावी लागली आणि लगेच दुरुस्त कर्नेलसह १२.४ काढावी लागली. म्हणून नवा कर्नेल आधी आमच्या ऑफिसातल्या मशीनवर आठवडाभर चालतो, मग एखाद्या कमी महत्त्वाच्या ग्राहकाकडे (तो कोण, हे विचारू नका) आणि मग तुमच्याकडे.

ऑडिटरच्या स्कॅनरने 'कर्नेल ५.१४ असुरक्षित' असं लाल रंगात लिहून दिलंय.

वर लिहिलं तेच. स्कॅनर पुष्कळदा नुसता मोठा आकडा बघतो. डिस्ट्रोच्या सुरक्षा पानावर त्या दोषाचा क्रमांक टाका. कुठल्या बिल्डमध्ये दुरुस्ती आली ते तिथे दिसतं. तुमच्या मशीनवर 'यूनेम -आर' दिल्यावर येणारा आकडा त्याच्या पुढचा असेल, तर दोन्हींचे स्क्रीनशॉट ऑडिटरला पाठवा. मात्र 'यूनेम' चालू असलेला कर्नेल सांगतो, बसवलेला सांगत नाही. बसवलेला नवा आणि चालू असलेला जुना, हे दर दुसऱ्या मशीनवर आढळतं, आणि त्या बाबतीत ऑडिटरचं बरोबर असतं.

अजून एक. फेब्रुवारी २०२४ पासून कर्नेलवाले स्वतःच दोषांना सीव्हीई (जगभर वापरला जाणारा दोषाचा ओळखक्रमांक) देतात आणि सढळ हाताने देतात. त्यामुळे यादी अचानक लांबलचक झालीय. यादीची लांबी बघून घाबरायचं कारण नाही.

मग किती दिवसांत करायला हवं?

नेटफिल्टरमधलं (कर्नेलच्या नेटवर्क गाळणीतलं) सीव्हीई-२०२४-१०८६ हे प्रकरण नमुन्याला घ्या. दुरुस्ती जानेवारी २०२४ मध्ये आली, हल्ल्याचा चालता कोड मार्चअखेर सगळ्यांसाठी खुला झाला आणि मे महिन्यात अमेरिकेच्या सिसा संस्थेने ते प्रत्यक्ष वापरात असलेल्या दोषांच्या यादीत घातलं. म्हणजे हाताशी दोनेक महिने होते. आम्ही साध्या दुरुस्त्यांना महिना धरतो. कोड खुला झाला असेल आणि मशीनवर बाहेरच्या लोकांना लॉगिन असेल, तर तीन दिवस.

अपग्रेडच्या आधी तुम्ही जुन्याच कर्नेलवर एकदा रीबूट का करता? दोनदा बंद ठेवण्यात काय अर्थ?

सगळ्यात जास्त कुरकुर याच्यावर होते आणि याच एका गोष्टीने आमचा सगळ्यात जास्त वेळ वाचलाय.

मशीन दोन वर्षं बंदच झालेलं नसेल, तर त्या दोन वर्षांत कोणी ना कोणी हाताने काहीतरी केलेलं असतं. मडगावच्या लॅबमध्ये झालं ते सांगतो. अपग्रेड केलं, मशीन उठलं, सगळं हिरवं. अर्ध्या तासाने फोन: ॲनालायझरचे रिझल्ट रिपोर्टमध्ये येत नाहीत. आम्ही तीन तास कर्नेलला शिव्या घातल्या. नेटवर्क ड्रायव्हर तपासला, सीरियल पोर्ट तपासला, जुन्या कर्नेलवर परत गेलो, तरी तेच. शेवटी कळलं की यंत्रातून आकडे उचलणारी छोटी स्क्रिप्ट कोणीतरी कधीतरी टर्मिनलवरून 'नोहप' लावून (टर्मिनल बंद केलं तरी चालू राहील अशी) सोडून दिली होती. सिस्टीमडीमध्ये, म्हणजे मशीन उठताना सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्राममध्ये, तिची नोंदच नव्हती. त्या दिवशी मशीनला नुसता रीबूट दिला असता, तरी ती मेलीच असती.

एफएसटॅबचंही, म्हणजे उठताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीचंही, तसंच. बॅकअपची यूएसबी डिस्क काढून नेलेली असते, पण ओळ तिथेच, 'नोफेल' (डिस्क नसली तरी पुढे चल) न लिहिता. रीबूटला सिस्टीमडी दीड मिनिट त्या डिस्कची वाट बघतो आणि मग मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. एसएसएच (दुरून लॉगिन) नाही, काही नाही.

म्हणून आधी जुन्या कर्नेलवर रीबूट. जे मोडेल ते कर्नेलचं नाही हे तेव्हाच कळतं, ते दुरुस्त करून ठेवायचं. मग नवा कर्नेल. त्यानंतर काही मोडलं, तर संशयित एकच उरतो.

नवा कर्नेल उठलाच नाही तर? तुम्ही फोंड्यात, मशीन काणकोणात.

पहिली गोष्ट, जुना कर्नेल पुसला जात नाही. रेड हॅट घराण्यात सॉफ्टवेअर बसवणारं डीएनएफ पहिल्यापासून तीन कर्नेल ठेवतं. उबुंटू-डेबियनचं एपीटीही चालू असलेल्याला हात लावत नाही.

दुसरी, नव्या कर्नेलला आम्ही एकाच खेपेची संधी देतो. ग्रबच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट 'सेव्हड' ठेवायचा, जुना कर्नेल डिफॉल्ट म्हणून नोंदवायचा आणि 'ग्रब-रीबूट' ही आज्ञा देऊन फक्त पुढच्या बूटला नवा निवडायचा. रेड हॅटच्या घराण्यात तीच आज्ञा 'ग्रब२-रीबूट'. जोडीला कर्नेलच्या ओळीत 'पॅनिक=३०'. नवा कर्नेल पॅनिक झाला, म्हणजे सावरता न येणाऱ्या चुकीवर अडला, तर तीस सेकंदांनी मशीन स्वतः रीबूट होतं आणि जुन्यावर परत येतं. सगळं ठीक चाललं तर दोन दिवसांनी नव्याला डिफॉल्ट करायचं.

यात एक खोच आहे, आणि मुलं इथेच फसतात. 'एकदाच' ही खूण पुसायला ग्रबला स्वतःच्या एन्व्ह फाइलमध्ये लिहावं लागतं. /बूट जर एलव्हीएमवर (डिस्कची जागा एकत्र करून वाटणाऱ्या थरावर) किंवा सॉफ्टवेअर रेडवर (कार्डाशिवाय केलेल्या RAID वर) असेल, तर ग्रबला ती फाइल वाचता येते, लिहिता येत नाही. मग खूण पुसलीच जात नाही आणि मशीन दर वेळी त्याच बिघडलेल्या कर्नेलवर डोकं आपटत राहतं. रीबूटच्या आधी 'एलएसबीएलके' देऊन /बूट कुठे आहे ते बघा.

तिसरी गोष्ट, 'पॅनिक=३०' फक्त पॅनिकलाच उपयोगी. मशीन नुसतं गोठलं, किंवा नेटवर्क कार्डाचं नाव बदलून पत्ता हरवला, तर आयड्रॅक किंवा आयएलओच (दुरून सर्व्हरची स्क्रीन आणि पॉवर हाताळायची सोय) लागतं. ते चालतंय का, पासवर्ड आठवतोय का, स्क्रीन दिसते का, हे आदल्या दिवशी बघायचं. ज्या मशीनला यातलं काहीच नाही, तिथे आमच्यातला एकजण गाडी काढून जातो आणि अपग्रेड समोर बसून करतो. काणकोणला आजवर तसंच केलंय.

'/बूट भरलंय' असा निरोप येतोय. दुर्लक्ष करू?

मुळीच नको. जुन्या मशीनवर /बूट दोनशे-पाचशे एमबीचंच असायचं. नवा कर्नेल बसताना जागा संपली, तर इनिट-रॅम-एफएस अर्धवट लिहिलं जातं किंवा लिहिलंच जात नाही. तरी ग्रबच्या यादीत नवा कर्नेल दिमाखात दिसू शकतो. रीबूट केलात की 'अनेबल टू माउंट रूट एफएस' म्हणून पॅनिक. 'डीएफ -एच' देऊन आधी जागा बघा, 'ऑटोरिमूव्ह' ने जुने काढा. /बूट मधल्या फाइली हाताने 'आरएम' देऊन पुसू नका, पॅकेजचा हिशोब चुकतो.

लाइव्ह पॅच असताना रीबूट कशाला?

लाइव्ह पॅच, म्हणजे रीबूट न करता चालू कर्नेलमध्येच केलेली दुरुस्ती, चांगलाच. एमआयटीतून निघालेलं केस्प्लाइस २०११ मध्ये ओरॅकलने घेतलं, रेड हॅटचं केपॅच आणि सुसेचं केग्राफ्ट २०१४ मधलं, आणि २०१५ च्या ४.० पासून त्याचा पाया मूळ कर्नेलमध्येच आहे. चालू कर्नेलमधलं सदोष फंक्शन तसंच ठेवून येणाऱ्या हाका नव्या फंक्शनकडे वळवायच्या, अशी युक्ती. पण डेटाची रचनाच बदलणाऱ्या दुरुस्त्या तशा बसवणं अवघड, आणि एका कर्नेलसाठी असे पॅच ठरावीक काळच मिळतात. आम्ही तो डिसेंबरात वापरतो, हॉटेलवाले रीबूटचं नाव काढू देत नाहीत तेव्हा.

आमचं सगळं डॉकरमध्ये आहे.

कंटेनरला, म्हणजे डॉकरच्या एकेका डब्याला, स्वतःचा कर्नेल नसतो. सगळे होस्टचाच वापरतात. उलट एकाच कर्नेलवर वीस जणांचा संसार असल्यामुळे तुम्हाला घाई जास्त.

व्हर्च्युअल मशीन आहे, स्नॅपशॉट घेतला की झालं ना?

घ्या, जरूर घ्या. दोन सूचना. डेटाबेसच्या मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची जशीच्या तशी स्थिती) परत फिरवलात, तर मधल्या वेळच्या पावत्याही परत फिरतात; म्हणून कर्नेल बिघडला तर आधी ग्रबमधून जुना निवडा, स्नॅपशॉट शेवटी. आणि दोन-तीन दिवसांत तो पुसा. एका कारखान्यात आठ महिन्यांचा स्नॅपशॉट सापडला होता, डिस्क का भरतेय ते शोधताना.

कधी करायचं? रात्री दोनला?

रात्री दोनला हॉटेलचा नाइट ऑडिट चालू असतो, तारीख तेव्हाच पालटते. ती वेळ सगळ्यात वाईट.

माझी आवडती वेळ दुपार. पणजी-म्हापशाच्या बाजारात एक ते साडेतीन बरीच दुकानं शटर ओढून घेतात. घाऊक व्यापाऱ्याचा सर्व्हर तेव्हा रीबूट केला तर कोणाला पत्ताही लागत नाही. आणि काही बिघडलंच, तर चारला सगळे जागे, विक्रेत्याचा हेल्पलाइनवाला जागा, मी जागा. वार मंगळवार किंवा बुधवार. म्हापशात शुक्रवार नाहीच, बाजाराचा दिवस. शनिवारची रात्रही नको, कारण बिघाड सोमवारी सकाळी काउंटरवर रांग लागल्यावर कळतो.

चवथीच्या आधीचा आठवडा आमच्याकडे बंद. अर्धा स्टाफ गावी जातो, दीड दिवसाचा म्हणून गेलेला पाच दिवसांनी उगवतो. हॉटेलांना १५ डिसेंबर ते ५ जानेवारी हात लावत नाही. पतसंस्थांना ३१ मार्चच्या आसपास. औषध कारखान्याचं वेगळंच: तिथे चेंज कंट्रोलचा कागद आणि त्यावरच्या सह्या झाल्याशिवाय एंटरसुद्धा दाबायचा नाही.

मोठी फेरी मे महिन्यात, पावसाच्या आधी. घराची कौलं शाकारतात, तेव्हाच.

अपग्रेडनंतर सगळं मंद वाटतंय.

पहिला अर्धा तास वाटणारच. रीबूटने मेमरीतली कॅश रिकामी झाली, डेटाबेस प्रत्येक पान डिस्कवरून नव्याने उचलतोय. दुसऱ्या दिवशीही मंद असेल तर कळवा. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउनवरच्या उपायाने काही कामं खरोखर मंदावली होती, तेव्हा तक्रार खोटीच असते असं नाही.

रेड हॅट ८ घराण्यातून ९ वर गेला असाल आणि कंटेनरमध्ये जुनं जावा असेल, तर आधी तिथे बघा. ९ मध्ये सीग्रुपची (कंटेनरला मेमरी वगैरेची मर्यादा घालणाऱ्या कर्नेलच्या सोयीची) दुसरी आवृत्ती डिफॉल्ट आहे. जावा ८ ला ती ३७२ व्या अपडेटपासूनच कळते. त्याआधीचं जावा कंटेनरची मर्यादा न बघता अख्ख्या मशीनची मेमरी आपलीच समजतं आणि मग कर्नेल त्याला मारून टाकतो.

आमच्याकडे सेंटओएस ७ आहे. कर्नेल तेवढा बदलून द्या.

त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला. नुसता कर्नेल बदलून काही साधत नाही, वरचं सगळं तेवढंच जुनं आहे. नव्या मशीनवर स्थलांतर करू. त्याचं अंदाजपत्रक वेगळं देतो. जुनं रेड कार्ड असेल तर त्याचा मॉडेल नंबर कळवा, रेड हॅट ८ पासून बऱ्याच जुन्या कार्डांचे ड्रायव्हर काढून टाकलेत.

जुना कर्नेल कधी काढायचा?

एक महिनाअखेर पार पडल्यावर, एक बॅकअप परत आणून बघितल्यावर आणि एकदा खरीखुरी लाइट जाऊन आल्यावर. जूनमध्ये अपग्रेड केलं असेल, तर तिसऱ्यासाठी फार थांबावं लागत नाही.